पळी आणि अध्यक्षपद

मस्कतच्या वादी अदाई वस्तीत गिरिजाबाई तांब्यांना ओळखत नाही असं मराठी घर नव्हतं, आणि ओळखून त्यांना वचकत नाही असंही नव्हतं. नवरा गेल्यावर त्या चिपळूण सोडून मस्कतला मुलाकडे आल्या. आल्याच्या दुसऱ्याच महिन्यात बाबासाहेबांच्या जयंतीचं जेवण त्यांनी हातात घेतलं, त्याला अकरा वर्षं झाली. ते अजून हातातून सुटलं नव्हतं. मुलगा अतुल कंपनीत इंजिनिअर, सून रश्मी वर्ध्याकडची, नात श्वेता आठवीत. या तिघांवर जे राज्य घरात चालायचं तेच जयंतीच्या दिवशी बावीस कुटुंबांवर चालायचं.

जयंती कुठल्याही वारी येवो, साजरी व्हायची सुट्टीच्या वारी, शुक्रवारी. अतुलच्या कंपनीचा अर्बाब, म्हणजे मालक, भला माणूस, तो मेसचा हॉल एक दिवस देत असे. रुस्ताक, सोहार अशा लांबच्या गावांतून येणारी, एकटी राहणारी माणसं धरून दीडशे पान व्हायचं. काळ्या वाटाण्याची आमटी, भात, भाजी, पुऱ्या आणि खीर. पहाटेपासून आठ बायका गिरिजाबाईंच्या हाताखाली. कुणी लसूण सोलायचा, कुणी कणीक तिंबायची, ते बाई बोट करून सांगायच्या. मोठ्या टोपातली पळी मात्र दुसऱ्या कुणी धरायची नाही. एकदा एका नव्या नवरीने बाईंचा डोळा चुकवून आमटी ढवळली, तर तिला पुढचं वर्षभर "आमटीवाली" म्हणून हाक मारली गेली.

तक्रार जेवणाची नव्हती. बाईंच्या हाताला चव होती, हे त्यांचे वैरीसुद्धा बोटं चाटत कबूल करायचे. तक्रार ही, की हॉलमध्ये वंदना व्हायची, पोरं गाणी म्हणायची, भाषणं व्हायची, आणि आठ बायकांना त्यातलं काय ऐकू यायचं, तर एक्झॉस्ट फॅनची घरघर. रश्मीने एकदा सुचवून पाहिलं होतं, की पाळ्या लावू, दोन-दोन तास. सासूबाई म्हणाल्या, भाषण भरल्या पोटी ऐकायचं असतं, आणि पोट भरायला तुझा बाप येणार आहे का वर्ध्याहून? रश्मी गप्प बसली. पण चौदा वर्षं गप्प बसलेली सून म्हणजे विझलेली चूल नव्हे, नुसती राखेखाली झाकलेली.

बाई पळी का सोडत नाहीत, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या लहानपणी गावात कुणाकडे लग्न असलं, की त्यांची आई परातीएवढं भांडं घेऊन कुंपणाबाहेर बसायची. पंगती उठून गेल्यावर कुणीतरी यायचं आणि वरून, हात लांब ठेवून, भांड्यात ओतायचं. आई पदराने घाम पुसायची आणि म्हणायची, बरं झालं, आज भात गरम आहे. त्या बाईची मुलगी आज दीडशे माणसांना वाढत होती, आणि टोपात पळी घालताना तिला कुणाच्या बापाला विचारावं लागत नव्हतं. मस्कतच्या सगळ्या कागदांवर ती "अतुलची आई" होती. पळी हातात असली, की ती गिरिजाबाई असायची.

आता या गोष्टीत अमेरिका आली ती गणपतराव गमऱ्यांमुळे. गमरे एका ऑफिसात हेड क्लार्क. माणूस सज्जन, पण कागदाचा किडा. नव्व्याण्णव साल उजाडलं ते अमेरिकेच्या अध्यक्षावर तिथल्या सिनेटमध्ये चाललेल्या खटल्याने. महिनाभर डिशवर दुसरं काही नव्हतं. गमरे ऑफिसातून आले की टीव्हीसमोर वही घेऊन बसायचे. गिरिजाबाईही अधूनमधून बघायच्या आणि म्हणायच्या, एवढ्या मोठ्या माणसाची अब्रू अशी चव्हाट्यावर धुतात, यांच्यात घरातली मोठी बाई कुणी नाही वाटतं. खटल्यातून तो अध्यक्ष सुटला, पण गमरे काही सुटले नाहीत. जयंती मंडळाच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, मंडळाला घटना पाहिजे, आणि ती अमेरिकेसारखी.

गिरिजाबाई म्हणाल्या, आपली सोन्यासारखी घटना असताना परक्यांचं उष्टं कशाला?

गमऱ्यांनी चष्मा वर केला. बाबासाहेब शिकायला पहिल्यांदा कुठे गेले होते, असं त्यांनी विचारलं. अमेरिकेलाच ना? मग झालं.

मग गमऱ्यांनी समजावलं. आपल्याकडे पंतप्रधान खासदारांतून निघतो. तिकडे अध्यक्षाला लोक वेगळा निवडतात, तो चार वर्षं राज्य चालवतो. आपले मंत्री तो स्वतः नेमतो, आणि नको वाटला तर काढतो. कायदा करणारे वेगळे. त्यांचा कायदा पटला नाही तर अध्यक्ष तो परत पाठवू शकतो. आणि न्यायाधीश आणखी वेगळे. त्यांनाही अध्यक्षच नेमतो, सिनेटने मान डोलवली की झालं. पण एकदा नेमला की मरेपर्यंत, नाहीतर स्वतः सोडेपर्यंत, अध्यक्षाला त्याला हात लावता येत नाही. आपल्याकडे मरेपर्यंत म्हणण्यात अर्थ नाही, म्हणून आपण लिहू, व्हिसा कॅन्सल होईपर्यंत.

बाईंनी यातलं तेवढं घेतलं जेवढं त्यांच्या कामाचं होतं. नेमतो, काढतो, परत पाठवतो. राज्य करायची ही रीत त्यांना फारच पसंत पडली. त्या स्वतः अकरा वर्षं हेच तर करत होत्या, फक्त लिहून ठेवलं नव्हतं.

सात पानांची घटना झेरॉक्स होऊन आली. बाईंनी ती श्वेताला वाचायला दिली. श्वेताचं मराठी असं, की जोडाक्षर आलं की ती रस्ता बदलायची. दीड पानावर ती दमली आणि म्हणाली, "आजी, बाकी सगळं सेमच आहे." अतुल म्हणाला, आई, मी वाचतो, मग सही कर. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा दहावीत गेला. "बाबासाहेबांनी घटना लिहिली ती काय तू आधी तपासून घेतली होतीस? घटनेवर संशय घ्यायचा नसतो." आणि त्यांनी पदर नीट केला, चप्पल काढली, आणि सातही पानांवर "गिरिजा सखाराम तांबे" अशी सही केली. एकेक अक्षर बिऱ्हाड मांडल्यासारखं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. बावीस कुटुंबांनी एकमुखाने बाईंना अध्यक्ष निवडलं, उपाध्यक्ष गमरे. टाळ्या जरा जास्तच जोरात वाजल्या, पण बाईंना तो आपला मान वाटला. त्यांनी लगोलग मंत्री नेमले. खुर्च्यांना एक, पाण्याच्या टँकरला एक, पोरांच्या कार्यक्रमाला एक. स्वयंपाकखातं स्वतःकडे. न्यायाधीश किती, हा प्रश्न आला. अमेरिकेत वरच्या कोर्टात नऊ असतात, गमरे म्हणाले. नऊ न्यायाधीश बसले तर पुऱ्या कोण लाटणार, असं बाईंनी विचारलं. म्हणून एकच ठेवायचा ठरला.

तो एक म्हणून बाईंनी वासंतीला नेमलं. वासंती त्यांच्या वरच्या मजल्यावरची, बी.ए. झालेली, आवाज चिमणीचा. दीड वर्षापूर्वी ती बाळंत झाली तेव्हा तिची आई येऊ शकली नव्हती. चाळीस दिवस बाईंनी तिला तेल लावलं, शेक दिला, डिंकाचे लाडू खाऊ घातले. ती बाईंना माई म्हणायची आणि समोर आली की मान खाली घालायची. असा न्यायाधीश मिळाल्यावर अध्यक्षाला आणखी काय हवं? बावीस हात वर झाले, वासंती मुख्य न्यायाधीश झाली, व्हिसा कॅन्सल होईपर्यंत.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी बाई चहात बटर बुडवत असताना, रश्मीने त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. किराण्याची यादी समजून बाईंनी तो बाजूला सारला. रश्मी म्हणाली, "आई, याची प्रत तुम्हाला द्यावी लागते. मी कोर्टात अर्ज केलाय."

"कुणावर?"

"अध्यक्षांवर."

बटर चहात पडलं. अर्ज असा होता, की घटनेच्या नवव्या कलमाप्रमाणे एका माणसाकडे एका वेळी दोन पदं राहू शकत नाहीत. मा. अध्यक्षांनी स्वयंपाकखातंही स्वतःकडे ठेवलंय, ते बेकायदा आहे. बाईंनी श्वेताला हाक मारली आणि घटना आणायला सांगितली. नववं कलम पाचव्या पानावर होतं, जोडाक्षरांनी गच्च भरलेलं. तेव्हा कुठे त्यांना त्या टाळ्यांचा आवाज नीट ऐकू आला. अध्यक्ष करून सगळ्यांनी मिळून आपल्याला स्वयंपाकघराबाहेर काढलं, हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि काढताना सही आपलीच घेतली.

पुढचे दहा दिवस त्या घरात जे चाललं ते अमेरिकेने पाहिलं असतं तर शिकली असती. अर्जदार सकाळी अध्यक्षांना चहा करून द्यायची, अध्यक्ष तो प्यायच्या, आणि दोघी श्वेतामार्फत बोलायच्या. "तुझ्या आईला सांग, भाजीला फोडणी जळली." "आजीला सांग, भाजी आजीनेच केलीय." अतुलला एका बाजूने वकीलपत्र घ्यायला सांगण्यात आलं, दुसऱ्या बाजूनेही सांगण्यात आलं. तो रुस्ताकच्या साईटवर अर्जंट काम काढून निघून गेला आणि गुरुवारशिवाय घरी दिसला नाही.

खटला वासंतीच्या हॉलमध्ये चालला, बाळ झोपायच्या आत. न्यायाधीश सोफ्यावर, मांडीवर बाळ, बाळाच्या हातात बिस्किट. रश्मीने तिचं म्हणणं पाच मिनिटांत मांडलं. मग बाई उठल्या. शाळा त्यांची चौथीपर्यंत, पण त्या दिवशी गमऱ्यांनीही वही मिटून ऐकलं. त्या म्हणाल्या, खुर्च्यांचं खातं हे पद आहे, मान्य. पाण्याचं खातं पद आहे, मान्य. पण स्वयंपाक हे काही मला कुणी दिलेलं पद नाही. घटना काल आली, मी अकरा वर्षं रांधतेय. ती माझी सवय आहे. माणसाच्या सवयीवर कुठलं कलम लागतं?

गमरे पुटपुटले, की मुद्दा बिनतोड आहे. रश्मीचा चेहरा उतरला. वासंतीने बाळाच्या तोंडातला बिस्किटाचा लगदा पुसला आणि मान वर केली. बाईंनी तिची मान वर झालेली बहुतेक पहिल्यांदाच पाहिली.

"माई, एक विचारू? तुम्ही स्वयंपाकघरात नसाल तर तिथे हुकूम दुसरं कुणी देऊ शकतं का?"

हो म्हटलं असतं तर खटला तिथेच जिंकला होता. पण बाईंच्या नाकावर माशी कधी बसली नव्हती, ती त्या दिवशी तरी कशी बसावी?

"माझ्या हयातीत नाही," त्या म्हणाल्या.

"मग ते पदच झालं, माई," वासंती म्हणाली. आवाज चिमणीचाच, पण निकाल दिला. अध्यक्ष राहायचं असेल तर पळी सोडावी. पळी ठेवायची असेल तर अध्यक्षपद सोडावं.

आपलेच दात, आपलेच ओठ. बाई जिना उतरून आल्या आणि पलंगावर बसल्या. माझ्या लाडवांवर उभी राहिलेली पोर, असं त्यांनी भिंतीला ऐकवलं. राजीनामा द्यावा, तर गमरे अध्यक्ष होणार, आणि गमऱ्यांच्या हुकमाखाली आमटी करण्यापेक्षा चिपळूणचं तिकीट काढलेलं बरं. पळी सोडावी, तर मग मस्कतला राहायचं कशासाठी? डाव्या गुडघ्याच्या औषधासाठी? शेवटी त्यांनी ठरवलं, की राजीनामाही द्यायचा नाही आणि पळीही सोडायची नाही. निकाल कागदावर आहे. बघू, मला हात धरून कोण बाहेर काढतं ते.

श्वेताला आजीची दया आली असावी. तिने शाळेच्या लायब्ररीतून एक पुस्तक आणलं आणि त्यातली एक गोष्ट आपल्या तोडक्या मराठीत सांगितली. पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेत एक अध्यक्ष होता. तो आपल्या ऑफिसातलं बोलणं टेप करून ठेवायचा. कोर्टाला त्या टेपा हव्या होत्या, तो देईना. मग वरच्या कोर्टाने निकाल दिला, की द्याव्याच लागतील. आणि निकाल वाचणारा मुख्य न्यायाधीश याच अध्यक्षाने नेमलेला.

"मेल्याला लाज नाही वाटली?" बाई म्हणाल्या. "मग पुढे? पोलीस आले टेपा न्यायला?"

"नाही आजी. पोलीस तर प्रेसिडेंटच्याच हाताखाली असतात. कोर्टाकडे पोलीस नसतात."

"मग त्याने दिल्या कशाला?"

श्वेताने पुस्तकात पाहिलं, पान उलटून पाहिलं. तिथे कारण दिलेलं नव्हतं. "कोर्टाने सांगितलं म्हणून," ती म्हणाली. "दोन आठवड्यांत त्याची नोकरी गेली."

"गेलीच ना? मग शहाणा कसला," असं म्हणून बाईंनी कूस बदलली. पण त्या दिवशी त्यांनी तीनदा विचारलं, की टेपा त्याने स्वतः होऊन दिल्या ना, नक्की?

एप्रिलचा तो शुक्रवार आला. सकाळी सहाला बाई मेसच्या स्वयंपाकघरात हजर. काळे वाटाणे आदल्या दिवशीच भिजवलेले. भिंतीवर रश्मीने पाळ्यांचा तक्ता चिकटवला होता, त्यात बाईंचं नाव कुठेच नव्हतं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, पदर खोचला, टोप चढवला, फोडणी केली आणि पळी हातात घेतली. आठ बायका भिंतीला लागून उभ्या. लसूण सोलायला कुणी बसेना. रश्मी पुढे आली, पण सासूच्या हातातली पळी ओढायची म्हणजे काय, ते तिला जमेना. तिचे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात वासंती बाळाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली.

"काय न्यायाधीशबाई," गिरिजाबाई पळी फिरवत म्हणाल्या, "निकाल दिलात. आता काढा मला बाहेर."

वासंतीने हळूच सांगितलं, की काढणं हे कोर्टाचं काम नाही, कोर्ट फक्त सांगतं. मग सगळ्यांनी गमऱ्यांकडे पाहिलं. गमऱ्यांनी खिशातून घटना काढली, तेराव्या कलमावर बोट ठेवलं आणि घसा साफ केला. न्यायालयाच्या निकालाची अंमलबजावणी अध्यक्ष करतील, असं तिथे लिहिलेलं होतं. ते वाचताना त्यांच्याही लक्षात आलं आणि आवाज अर्ध्यात विरून गेला.

मेसचा आचारी मुनीर तिथेच कांदे कापत होता. चेहरे बघून त्याने विचारलं, "किसको निकालना है?"

"माताजी को," कुणीतरी सांगितलं.

"निकालेगा कौन?"

"माताजी।"

मुनीरने सुरी खाली ठेवली. असलं सरकार आपण मुलखात कुठे पाहिलं नाही, असा काहीसा भाव त्याच्या तोंडावर होता.

बाई पळी फिरवत राहिल्या. कढ आला होता. त्यांनी मनात कोर्टाला शिव्या दिल्या, गमऱ्यांना दिल्या, त्या टेपवाल्या अध्यक्षाला दिल्या. मी नाही हलले तर इथे कुणीच मला हलवू शकत नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि ते दिसल्यामुळेच पाय जड झाले. सातही पानांवर सही होती. चप्पल काढून केलेली. ती सही जर आपणच खोटी पाडली, तर उद्या या पोरींना घटना म्हणजे काय ते कुठल्या तोंडाने सांगायचं? आपल्या आईला कुंपणाच्या आत आणलं ते कुणाच्या पळीने नव्हे, अशाच एका कागदाने.

त्यांनी पळी टोपाच्या काठावर ठेवली. खोचलेला पदर सोडून खांद्यावरून घेतला, पाठ ताठ केली, आणि साऱ्या मेसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गिरिजा सखाराम तांबे, कोर्टाचा हुकूम आहे. पुष्कळ झाली तुझी मिजास. पळी खाली ठेव आणि निघ बाहेर."

कुणी हसलं नाही. बाई दारापर्यंत गेल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "आणि आच कमी करून जा, मेले. खाली लागेल." रश्मीने धावत जाऊन गॅस बारीक केला.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत मधली खुर्ची अध्यक्षांची. बाई तिच्यावर जाऊन बसल्या. अकरा वर्षांत त्यांनी या हॉलची ही बाजू पाहिली नव्हती. वंदना झाली. पोरांनी गाणी म्हटली, श्वेताने अर्धं कडवं विसरून पुन्हा पहिलंच म्हटलं, आणि बाईंचे डोळे उगाच पाणावले. मग गमरे बोलायला उभे राहिले. ऑफिसच्या लेटरहेडची चौदा पानं त्यांच्या हातात होती. पहिली पंधरा मिनिटं बाईंनी भक्तीने ऐकली. अर्ध्या तासाला त्यांनी मागे पाहिलं, रुस्ताकहून आलेले चौघे डोळे उघडे ठेवून झोपले होते. पाऊण तासाला गमरे अजून प्रास्ताविकातच होते. बायकांना अकरा वर्षं कशापासून वाचवलं होतं, ते बाईंना आता कळलं, आणि स्वतःविषयी फार बरं वाटलं.

त्या उठल्या. "गमरे," त्या म्हणाल्या, "राज्य चालवायचं काम अध्यक्षांचं ना?"

"होय, ताई."

"मग खलास. बसा. वासंती बोलेल."

गमऱ्यांनी घटना चाळून पाहिली. त्यांना अडवणारं कलम सापडलं नाही. वासंती सात मिनिटं बोलली, बायकांनी पाळी सोडून दारात गर्दी केली, आणि ती खाली बसताना टाळ्या वाजल्या त्या कुणाला घालवण्यासाठी नव्हत्या.

पंगत बसली. पहिलं ताट रश्मीने स्वतः आणलं आणि सासूच्या पुढे ठेवलं. वाटीत आमटी वाढली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने टोपात पळी घातली होती, आणि आता दीडशे माणसं घास हातात धरून बाईंच्या तोंडाकडे बघत होती. बाईंनी भातावर आमटी घेतली, कालवली, घास घेतला, सावकाश चावला. दुसरा घेतला.

"आई," रश्मीने न राहवून विचारलं, "बरी झालीय का?"

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, त्यातलं निम्मं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण त्या अध्यक्ष होत्या, आणि खातं आता त्यांचं नव्हतं.

"मला काय विचारतेस? न्याय करायचं काम त्यांचं," त्यांनी शेजारी बसलेल्या वासंतीकडे बोट केलं. "विचार कोर्टाला."

वासंतीने बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. आमटीचा भुरका मारला. एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा सासूकडे. मग दुसरा भुरका मारला.

"निकाल राखून ठेवते," ती म्हणाली.

बाई हसल्या, आणि त्यांनी आमटीसाठी वाटी पुन्हा पुढे केली.